आचके म्हणजे श्वास नव्हे

एकांनी लिहिलंय की माणूस कोसळला, पण 'श्वास चालू होता' म्हणून कोणी छाती दाबली नाही. नेमकी इथेच गफलत होते. हृदय थांबल्यावरही पहिली काही मिनिटं माणूस आ वासून अधूनमधून आचके देऊ शकतो, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो. तो श्वास नव्हे. हाका मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, छाती दाबायला एवढं पुरे. नाडी चाचपत बसू नका (घाबरलेल्या बोटांना स्वतःचीच नाडी लागते!).

रुग्णवाहिकेला फोन, स्पीकर चालू, आणि लगेच छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात: मोठ्या माणसात मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. बरगडी कडकन वाजली तरी थांबायचं नाही, बरगडी नंतर जुळते. दोनेक मिनिटांत हात थकून दाब उथळ पडतो, तेव्हा दुसऱ्याला बसवा.

छाती न दाबता, शॉक न देता गेलेलं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटवतं. दाबणं चालू असेल तर ही घसरण मंदावते. एईडी (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) हाताशी असेल तर बिनधास्त लावा. गरज नसेल तर ते यंत्र शॉक देतच नाही.