उंदीर तरंगत राहिला म्हणजे हरला का?

"उंदीर पाण्यात सोडून माणसाची उदासी काय कळणार?" असं कुणी विचारलं, तर प्रश्न रास्त आहे. संशोधक पोर्सोल्टची १९७७ ची पोहण्याची चाचणी (उंदीर पाण्यात सोडून तो किती वेळ धडपडतो ते पाहायचं) उदासीवरची औषधं निवडायला कामी आली, पण निपचित तरंगणारा उंदीर हताश असेलच असं नाही. तो ताकदही वाचवत असेल.

मला सामाजिक पराभवाचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. दांडग्या उंदराकडून रोज काही मिनिटं, असे सहसा १० दिवस मार खाल्लेले बरेच उंदीर नंतर अनोळखी उंदराजवळ फिरकत नाहीत, साखरेच्या पाण्याचीही गोडी उरत नाही. काही मात्र टिकून राहतात, आणि ते का टिकले हाच खरा शोध! आमच्या यवतमाळकडच्या गावांत आशाताईंनी झोप-भूक विचारताना "पारावर जाता का?" हेही विचारावं, म्हणजे माणसांत मिसळणं सुटलंय का ते कळेल, असं मला मनापासून वाटतं.