मदत हवी आहे: पावडर ब्लू टँगवर व्हाइट स्पॉट, ठिपके जाऊन परत आले

मंडळी, खाऱ्या पाण्याच्या टाकीत व्हाइट स्पॉट (माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी रोग) शिरलाय. जाणकारांचा सल्ला हवा आहे. अर्धवट माहितीवर उत्तर देणं अवघड जातं, म्हणून सगळंच लिहितो.

टाकी मुलुंडच्या घरी, पाच फुटी, साधारण ४०० लिटर. लाइव्ह रॉक (जिवाणू वस्तीला असलेले समुद्री दगड) भरपूर, तळाला अ‍ॅरगोनाइट वाळू, टोडस्टूल आणि झोआ कोरल, क्लीनर श्रिंप, टर्बो गोगलगायी. मासे चारच: क्लाऊनची जोडी, लॉनमोअर ब्लेनी आणि नुकताच आणलेला पावडर ब्लू टँग. चिलरमुळे पाणी २६ अंशांवर असतं, सॅलिनिटी (खारटपणा) १.०२५, अमोनिया आणि नायट्राइट शून्य.

टँगच्या परांवर आणि अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले. दगडाला अंग घासायचा, पण खाणं सुटलं नव्हतं. मग ठिपके आपोआप गेले. दुकानदार म्हणाले, झाला बरा, आता काही करू नका. माझं मन मानेना. परवा ठिपके परत आले, आधीपेक्षा जास्त, आणि आता एका क्लाऊनच्या शेपटीवरही दिसतात.

मी जे वाचलं ते असं: हा रोग आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी माशाच्या कातडीखाली काही दिवस पोसतो, मग गळून वाळूत, दगडावर कवच करून बसतो. तिथे एकाचे शेकडो होतात आणि ती पिल्लं फुटून पुन्हा मासा शोधतात. म्हणजे ठिपके दिसेनासे झाले तेव्हा रोग गेला नव्हता, फक्त माशावरून तळाशी उतरला होता. हे बरोबर असेल तर माशांना बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसऱ्या एकांनी खडे मीठ टाका, हीटर वाढवा असं सुचवलं. तो गोड्या पाण्यातल्या व्हाइट स्पॉटचा इलाज झाला. इथे पाणी मुळातच खारट, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन आणखी कमी. मुख्य टाकीतच कॉपर (तांब्याचं औषध) ओता असाही सल्ला मिळाला. तसं केलं तर श्रिंप, गोगलगायी, कोरल सगळं मरेल, शिवाय दगड आणि वाळू कॉपर शोषून घेतील. ते मी करणार नाही.

हॉलमध्ये १०० लिटरचा टब ठेवता येईल, चिलरशिवाय. कॉपर वापरू की सॅलिनिटी उतरवू? आणि मुख्य टाकी किती दिवस माशांशिवाय ठेवायची? टँग जगावा अशी फार इच्छा आहे, कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद:
आधी हा वेल्वेट (दुसऱ्या परजीवीचा, जास्त घातक रोग) नाही ना, ते बघा. वेल्वेटमध्ये ठिपके रव्यासारखे नसतात, अंगावर बारीक पिठूळ धूळ बसल्यासारखी दिसते. अंधारात टॉर्च तिरपा धरून बघा. मासा धापा टाकतो, खाणं सोडतो, उजेड टाळतो, पंपाच्या धारेत तोंड करून उभा राहतो. वेल्वेट दोन-चार दिवसांत टाकी रिकामी करतो आणि सॅलिनिटी उतरवून तो मरत नाही. थोडी जरी शंका असेल तर सरळ कॉपर.

धागाकर्ता:
धन्यवाद. टॉर्चने बघितलं, ठिपके सुटे आणि ठळक आहेत. श्वास शांत आहे, नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) लावली की धावून येतो.

प्रतिसाद:
मग मी सॅलिनिटी उतरवण्याच्या बाजूने. ४८ तासांत हळूहळू १.००९ वर आणायची आणि शेवटचा ठिपका गेल्यावर पुढे किमान चार आठवडे तिथेच धरायची. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा अचूक मोजायचं उपकरण) हवाच. काटेवाल्या प्लास्टिकच्या मापकावर भरवसा ठेवू नका. पाणी पातळ झालं की पीएच घसरतो, खायचा सोडा चिमूटभर विरघळवून तो सांभाळावा लागतो. परत वर नेताना चार-पाच दिवस घ्या.

प्रतिसाद:
वरच्या पद्धतीबद्दल आदर आहे, पण मे महिन्यात चिलर नसलेल्या टबाला हे जमेल का? टब गार ठेवायला टेबल फॅन लावावाच लागणार. फॅनने पाणी उडतं, मीठ मागे राहतं, आणि सकाळी निघालेला माणूस ८.१२ ची लोकल पकडून संध्याकाळी परत येईपर्यंत सॅलिनिटी १.००९ च्या वर सरकलेली असते. इतक्या छोट्या सवलतीतही परजीवी तगतो, म्हणजे आठवडे फुकट. ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) असेल तरच त्या वाटेला जा.

नाहीतर कॉपर. साध्या कॉपर सल्फेटची मात्रा ०.१५ ते ०.२० पीपीएम. चिलेटेड (दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या) कॉपरची मात्रा वेगळी आणि बरीच जास्त असते, ती बाटलीवर बघा आणि टेस्ट किटही त्याच प्रकारचं घ्या. एकदम ओतू नका, दोन-तीन दिवसांत चढवा, मग ३० दिवस सकाळ-संध्याकाळ तपासून पातळी धरा. मध्ये घसरली तर मोजणी पुन्हा एकपासून. टबात दगड नको, वाळू नको, कार्बन नको. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे टाका. मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) स्पंज फिल्टर मुरलेला असेल तर तोच उचला, नसेल तर कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात नवा मिळेल, पण मग अमोनिया रोज बघावा लागेल. अमोनिया मारणारी औषधं कॉपरसोबत वापरू नका, काहींमुळे कॉपर जास्त विषारी होतं. अमोनिया चढला तर पाणी बदला आणि नव्या पाण्यात तेवढंच कॉपर मिसळा. कॉपर आणि कमी सॅलिनिटी एकत्र तर अजिबात नको.

मुख्य टाकी: तळाशी बसलेल्या कवचांतून ७२ दिवसांनीही पिल्लं निघाल्याची नोंद आहे, म्हणून ७६ दिवस मासा नको. श्रिंप आणि कोरल राहू द्या, हा परजीवी त्यांच्यावर पोसत नाही. क्लाऊन आणि ब्लेनी ठणठणीत दिसले तरी चारही मासे बाहेर. जाळी, बादली, हात, सगळं दोन्हीकडे वेगळं.

धागाकर्ता:
ऑटो टॉप-अप नाही, त्यामुळे कॉपरच. आज टब मांडतो, स्पंज सम्पमध्ये जुनाच आहे. एकच अडचण राहते. टँग आणि क्लाऊन काहीही खातात, पण ब्लेनी दगडावरचं शेवाळ खरवडूनच जगते. टबात दगड नाही, मग तिला काय घालू? महिनाभर उपाशी ठेवणं मला पटत नाही.

प्रतिसाद:
मुख्य टाकीत दोन-चार काचेच्या पट्ट्या दिव्याखाली ठेवा, हिरवा थर धरला की टबात आळीपाळीने उभ्या करा. काच कॉपर शोषत नाही. फक्त टबात गेलेली पट्टी परत मुख्य टाकीत टाकू नका, नवीच ठेवा. तोवर भिजवलेली नोरी पट्टीला रबरबँडने घट्ट बांधून तळाशी आडवी ठेवा, लोंबती ठेवली तर टँग आधी फस्त करेल. बऱ्याच ब्लेनी दोन-तीन दिवसांत शिकतात.