१२ फुटी ॲल्युमिनियम होडी, मनोरी खाडी: ट्रोलिंग मोटर, बॅटरी आणि फिशफाइंडर बदलायचेत, सल्ला हवा

गोराईकर

नमस्कार मंडळी,

माझी १२ फुटी, सपाट तळाची, रिव्हेट मारलेली ॲल्युमिनियम होडी आहे. मागे ९.९ एचपीचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड, दोरी ओढून चालू होणारं. शेजारीच ३० पौंड थ्रस्टची (ढकलण्याचा जोर, वजन नव्हे) जुनी, पाच स्पीडची ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी हळू सरकवणारी बॅटरीवरची मोटर, आणि तिला घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी. गोराई-मनोरीच्या खाडीत तिवरांच्या कडेकडेने जिताडा आणि तांबोशीसाठी गळ टाकतो. बहुतेक वेळा आम्ही दोघं असतो.

सध्या होडी वर काढून ठेवली आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत सगळं काम उरकायचं आहे. डोक्यात असं आहे: नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) बसणारी जीपीएसची ट्रोलिंग मोटर (जागेवर धरून ठेवणारी), लिथियम बॅटरी आणि एक चांगला फिशफाइंडर (आवाजाच्या लहरींनी तळ आणि मासे दाखवणारा सोनार). बजेट ओढूनताणून दीड लाख.

प्रश्न:
१. ५५ पौंड पुरेल की २४ व्होल्टची ८० पौंडवाली घ्यावी?
२. लाइव्ह सोनार (मासा हलताना तिथल्या तिथे दाखवणारा) घेण्यात अर्थ आहे का?
३. नाळेजवळच्या रिव्हेटभोवती आणि ट्रान्समच्या (मागची उभी फळी, जिथे इंजिन बसतं) बोल्टांखाली पांढरी पूड दिसते आहे. हे काय आणि किती गंभीर?

---

खाडीवाट

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण मोटर कोणतीही घ्या, ती बसणार याच पत्र्यावर.

पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियम खातंय. स्टेनलेसचा बोल्ट, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मधे खारं पाणी, एवढं जमलं की पत्राच झिजतो, बोल्ट चकाचक राहतो. बोल्ट काढा, पूड नायलॉनच्या ब्रशने घासा (लोखंडी ब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुततात) आणि खाली खड्डा किती खोल आहे ते नखाने चाचपा. नुसता खरखरीत लागला तर चिंता नाही. नख अडकत असेल तर मोटरचं ब्रॅकेट बसवण्याआधी आतून ॲल्युमिनियमची पट्टी लावून घ्या. परत बसवताना बोल्टला नायलॉनचे वॉशर आणि बुश, आटे व डोक्याखाली ड्युरालॅक किंवा टेफ-जेलसारखी पेस्ट.

तळात प्लायवुडची फळी टाकली असेल तर तीही उचलून बघा. मरीन प्लायला मारलेल्या औषधात तांबं असू शकतं. ओली फळी थेट पत्र्यावर पडून राहिली की तिथे पत्रा फार लवकर खराब होतो. फळीला सगळ्या बाजूंनी इपॉक्सी मारा, खाली रबराच्या पट्ट्या द्या. वायरिंग करताना पडलेले तांब्याच्या तारेचे तुकडेही वेचून काढा, एवढासा तुकडा तळाच्या पाण्यात राहिला तरी पत्र्याला भोक पाडू शकतो.

आता पौंड. ढोबळ हिशोब असा की भरलेल्या होडीच्या दर १०० पौंड वजनाला २ पौंड थ्रस्ट. तुमचं धरूया: होडी ८० किलो, इंजिन ४०, पेट्रोल आणि सामान ५०, दोन माणसं १५०, बॅटरी आणि मोटर ३०. साडेतीनशे किलो, म्हणजे ७७० पौंड. हिशोबाने १५-१६ पौंड थ्रस्ट पुरायला हवा. पण तो हिशोब तळ्यातला. आपल्या खाडीत ओढ असते आणि वरून दुपारचा पश्चिमेचा वारा. म्हणून तिप्पट धरा, ५५ पौंड घ्या. १२ व्होल्टवर मिळणाऱ्या मोटरींचा वरचा टप्पा साधारण तोच आहे. ८० पौंडांसाठी २४ व्होल्ट लागतात, म्हणजे दोन बॅटऱ्या, दुप्पट खर्च, आणि १२ फुटी होडीच्या नाळेवर जास्तीचं वजन. मी घेणार नाही.

पौंड वाढवले म्हणजे वेग वाढतो असंही नाही. अशा होडीला वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. ५५ पौंडांवर पूर्ण जोर लावून ताशी ५-६ किलोमीटर मिळाले तरी उत्तम म्हणा.

मॉडेल निवडताना खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली आहे का, हे सगळ्यात आधी बघा. मिन कोटाची रिपटाइड मालिका त्याचसाठी आहे, हॅसविंगच्याही खाऱ्या पाण्याला चालणाऱ्या मोटरी आहेत. तळ्यासाठीची मोटर स्वस्तात मिळते म्हणून मोह होतो, पण खाडीत तिचे सील आणि कनेक्शन टिकत नाहीत आणि वॉरंटीही हात वर करते.

---

तिवरातली ताई

आमचं घर मनोरीचंच, म्हणून पाण्याबद्दल सांगते.

जीपीएसची मोटर होडी जागेवर धरते हे खरं, पण उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी २ नॉटच्या आसपास ओढ लागणं नवल नाही. म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटरने मोटर नुसती उभं राहण्यासाठी पळत राहणार. बॅटरी दुपारच्या आत बसेल. अशा वेळी सरळ नांगर टाका. आपला तळ चिखलाचा आहे, पात्याचा नांगर चांगला धरतो. फक्त दोरी भरपूर सोडा, पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट, आणि नांगराला पुढे हातभर साखळी असू द्या. नांगर कायम नाळेवरूनच, मागून कधीच नाही. ओढीत मागून टाकला तर ट्रान्समवरून पाणी आत येतं.

मोटर वापरायची ती भांगाला, म्हणजे उधाण नसलेल्या मंद पाण्याला, किंवा भरती-ओहोटीच्या मधल्या थबकलेल्या पाण्यात. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. मिनिटाचा हिशोब नाही हा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घरातून निघताना मोबाइल न बघता अंदाज येतो. सप्तमी ते दशमीच्या दिवसांत पाणी मंद असतं, तुमची जीपीएसची मोटर तेव्हा खरी कामाला येईल. तिवरांच्या कडेने होडी एकसारख्या अंतरावर सरकत ठेवायची, एक हात गळावर, अशा कामाला ती सुरेख आहे.

आणि डोल जाळ्यांच्या (खुंटांना बांधून ओढीत लावलेल्या जाळ्यांच्या) खुंटांपासून लांब राहा. भरतीला खुंट बुडतात, दोऱ्या मात्र तिथेच असतात. पंख्यात जाळं गेलं तर मोटर आणि जाळं दोघांचं नुकसान, आणि जाळं कुणाच्या तरी पोटापाण्याचं असतं.

---

नाना वायरमन

बॅटरी आणि वायरिंगवर कुणी बोललं नाही, आणि गाडा अडतो तिथेच. दीड लाखातला मोटरीचा आकडा थोडा कमी करा, पण इथे काटकसर करू नका.

ट्युब्युलर बॅटरी होडीतून काढाच. वजन पन्नास किलोच्या वर, आत पातळ ॲसिड, होडी कलली की सांडणार. शिवाय १५० एएच हा आकडा २० तासांत हळूहळू काढलेल्या करंटचा असतो. ५५ पौंडांची मोटर पूर्ण जोरावर ५० अँपिअरच्या आसपास ओढते, त्या दराने लेड ॲसिड छापलेल्यापेक्षा बरंच कमी देते. त्यातही निम्म्याखाली उतरवलं की तिचं आयुष्य घटतं.

लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, १२.८ व्होल्ट १०० एएच. वजन ११-१३ किलो. पूर्ण जोरावर दोन तास, १२ अँपिअरवर रमतगमत गेलात तर आठ तास. मुंबईत जोडून मिळणारे पॅकही चालतात, पण तीन गोष्टी विचारून घ्या: बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) सलग १०० अँपिअर झेपवतो का, पेटी पाण्यापासून किती बंद आहे, आणि १४.४ ते १४.६ व्होल्टचा लिथियमचाच चार्जर सोबत आहे का. घरच्या इन्व्हर्टरवर लावून चार्ज करू नका.

केबलचा हिशोब मांडून दाखवतो, कारण लोक इथेच फसतात. बॅटरी मागे, मोटर नाळेवर, अंतर ५ मीटर धरा. जाऊन येऊन १० मीटर तांबं. ६ स्क्वेअर एमएमची केबल टाकली तर ५० अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच जातो. मोटरीला बारा नाही, साडेदहाच पोचतात, केबल तापते आणि जीपीएस मधेच बंद पडून चालू होतो. १६ स्क्वेअरला हाच तोटा ०.६ व्होल्टच्या आत, २५ स्क्वेअरला ०.४ च्या आत. १६ च्या खाली जाऊ नका. बॅटरीच नाळेकडे नेता आली तर सगळ्यात बरं.

होडीला कल्हई केलेल्या तांब्याची केबल लागते, नाहीतर खारी हवा आतून हिरवी करते. सोलर पॅनेलची डीसी केबल मागा, ती कल्हईचीच असते, बारीक तारांची, उन्हाला टिकणारी. लोहार चाळीत मीटरवर मिळते. केबलच्या टोकाचे लग तिथेच हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या आणि वरून गोंदवाली हीटश्रिंक चढवा. पक्कडीने ठोकलेला लग पहिल्या मोसमातच ढिला होतो.

पॉझिटिव्हवर बॅटरीच्या अगदी जवळ ६० अँपिअरचा डीसी सर्किट ब्रेकर. घरातला एसीचा एमसीबी नको. डीसीची ठिणगी त्याला विझवता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: होडीचा पत्रा निगेटिव्ह म्हणून कधीही वापरू नका. प्रत्येक उपकरणाला दोन वायरी. काम झालं की तपासायला १२ व्होल्टचा लहान बल्ब घ्या. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं पत्र्याच्या उघड्या भागाला. मिणमिणला तरी निगेटिव्ह कुठेतरी पत्र्याला लागलीय. मग बल्बचं पहिलं टोक निगेटिव्हला लावून बघा, पेटला तर पॉझिटिव्ह लागलीय. ते आधी शोधा, मगच होडी पाण्यात. असा गळका करंट बोल्टाखालच्या पुडीपेक्षा कितीतरी वेगाने पत्रा खातो. तुमचं इंजिन दोरीचं आहे हे बरं झालं. स्टार्टर असता तर इंजिनाचा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो, आणि त्याची बॅटरी ट्रोलिंगच्या बॅटरीपासून पूर्ण वेगळी ठेवावी लागली असती.

---

धक्क्यावरचा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: लाइव्ह सोनार नको. त्याच्या किमतीत तुमची मोटर आणि बॅटरी दोन्ही येतील. आपलं पाणी गढूळ आणि उथळ. त्याची उंच फ्रिक्वेन्सीची बारीक किरणं गाळाने भरलेल्या पाण्यात लवकर विखुरतात, पडद्यावर धुरळा दिसतो. २०० किलोहर्ट्झवर चालणारा साधा चर्प सोनार इथे जास्त कामाचा. गार्मिन स्ट्रायकर किंवा लोरन्स हूकमधलं लहान पडद्याचं मॉडेल बघा. स्ट्रायकर ४ मध्ये जीपीएस आहे, खुणा साठवता येतात, पण नकाशा नाही.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. ४ मीटर पाण्यात या सोनारला दिसणारा तळाचा तुकडा मीटर-सव्वामीटरचा असतो. मासा शोधण्यापेक्षा तळाचा उतार, बुडालेली खोडं आणि पाण्याची धार जिथे कापते ती कड शोधायला तो वापरा. जिताडा तिथेच दबा धरून बसतो. ओहोटीला एकदा सावकाश फिरून सगळ्या खळग्यांवर खुणा करून ठेवा.

ट्रान्सड्यूसरसाठी (सोनारचा पाण्यातला सेन्सर) पत्र्याला पाण्याखाली नवीन भोकं पाडू नका. स्वयंपाकघरात वापरतात तो जाड पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड आणा, ट्रान्समला पाण्याच्या रेषेच्या वर दोन बोल्टांनी पक्का करा, त्याचा भाग खाली उतरवून त्यावर स्क्रू मारा. पुढेमागे जागा बदलायची तर बोर्ड बदलायचा, होडी नाही. रिव्हेटच्या रांगेमागे बसवू नका, तिथे बुडबुडे येतात.

फिशफाइंडरला वेगळी बॅटरी द्या, यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ एएचची. लहान युनिट अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी खातं, दिवस निघतो. ट्रोलिंगच्या बॅटरीवर लावलं तर मोटरीचा स्पीड कमी-जास्त केला की पडद्यावर उभ्या रेघा येतात. दोन्हींच्या केबलही एका बाजूने नेऊ नका.

---

गोराईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बोल्ट काढले. ट्रान्समला फक्त खरखर आहे. नाळेला एका जागी नख अडकतंय, तिथे पट्टी बसवतो. ५५ पौंड, १०० एएच आणि साधा सोनार, हे पक्कं.

आणखी दोन शंका. शाफ्ट किती लांब घ्यावा? आणि मोटर रात्री होडीवर ठेवावी का?

---

खाडीवाट

मोटर जिथे बसेल तिथपासून पाण्यापर्यंत मोजा, दोघं बसलेले असताना, आणि त्यात २० इंच मिळवा. पंखा निदान फूटभर पाण्याखाली हवा. लाटेला नाळ उचलली की उथळ बसलेला पंखा हवा कापतो. तुमच्या होडीला ४८ इंच बहुधा पुरेल, पण मोजल्याशिवाय मागवू नका.

होडीवर ठेवू नका. झटक्यात सुटणारं ब्रॅकेट घ्या आणि मोटर घरी आणा. घरी आली की गोड्या पाण्याने धुणंही होतं. अधूनमधून पंखा काढून मागे तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गुंडाळला गेलाय का बघा. तो सीलमध्ये शिरला की पाणी आत जातं आणि मोटर बाहेरून धडधाकट दिसत असताना आतून संपते.

---

तिवरातली ताई

काळोखात फिरणार असाल तर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा उंचावर लावा. मार्वे-मनोरी फेरीबोटीला खाली बसलेली होडी दिसत नाही. लाइफ जॅकेट अंगावर, पेटीत नाही. मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ भरून ठेवा.

---

गोराईकर

दिवा यादीत घातला. शेवटचं: पत्र्याला ॲनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) लावावा का? दुकानदार मॅग्नेशियमचा देतोय.

---

नाना वायरमन

मॅग्नेशियम गोड्या पाण्यासाठी. खाडीत तो बघता बघता विरघळतो आणि ॲल्युमिनियमवरचा रंगही उचलतो. तुम्ही ॲल्युमिनियमचा ॲनोड घ्या, तो खाऱ्या आणि मचूळ दोन्ही पाण्यांत चालतो. होडी रोज वर काढत असाल तर घाई नाही, पाण्यातच नांगरून ठेवणार असाल तर लावाच. ट्रान्समवर पाण्याखाली, खालचा रंग खरवडून उघड्या धातूवर घट्ट बोल्ट करा आणि ॲनोडवर रंग मारू नका. निम्मा झिजला की बदला. खालून रंग लावणार असाल तर तांबं असलेला अँटिफाउलिंग (शेवाळ-कालवं चिकटू न देणारा रंग) घेऊ नका, डब्यावर वाचून घ्या.