सरासरीबरोबर चढउतारही पाहावा

मासिक विक्री सरासरीपेक्षा कमी असलेल्या विभागांकडून खुलासा मागवावा, ही सूचना हेतूने योग्य असली तरी तिला एक महत्त्वाची जोड हवी, असे मला वाटते. सरासरीच्या खाली कोणीतरी असणारच, आणि कामाची पद्धत मुळीच न बदलताही आकडे दरमहा वरखाली होतात. हा नेहमीचा चढउतार कोणता आणि खरोखर काही बिघडल्याची खूण कोणती, हे ओळखण्यासाठी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख, म्हणजे आकडे कालक्रमाने बिंदूंनी दाखवणारा आलेख, मांडला. त्यात सरासरी दाखवणाऱ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारणतः तीन प्रमाण विचलनांवर (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत याचे माप) मर्यादारेषा आखतात. बिंदू या रेषांच्या आत आणि कोणताही कल न दाखवता विखुरलेले असतील, तर एकेका बिंदूचे कारण शोधण्यात वेळ वाया जातो, आणि सुधारणा हवी असल्यास कामाची पद्धतच बदलावी लागते. रेषेबाहेरच्या बिंदूची चौकशी मात्र लगेच व्हावी.

याहून गंभीर गोष्ट अशी की, अतिशय वाईट महिन्यानंतरचा महिना, कोणी रागावले नाही तरी, बहुधा सरासरीकडे परततो. त्यामुळे दटावणी उपयोगी पडली असा व्यवस्थापकांचा प्रामाणिक समज होतो आणि कर्मचाऱ्यांवर अन्याय करणारी रीत रूढ होते. एखाद्या उपायाचा खरा परिणाम जोखायचा असेल, तर तो चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही विभागांत राबवून उरलेल्या विभागांशी तुलना करावी. विक्री हंगामी असल्यास आलेख आखण्यापूर्वी हंगामाचा परिणाम वेगळा काढणेही आवश्यक आहे.