मदत हवी आहे: एआयच्या पत्रात आकडे सगळे बरोबर, कारण खोटं. तपासायचं कसं?

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मी बडोद्याची, माहेर दांडिया बाजार, सासर मांजलपूर, ऑफिस अलकापुरीत. काम म्हणजे अमेरिकेतल्या छोट्या तेल-गॅस कंपन्यांचे हिशेब लिहायचे, बहुतेक क्लायंट टेक्सासचे. बडोद्यात तेलाचं काम म्हटलं की लोक सरळ कोयली रिफायनरीच धरतात, आमच्या सासूबाई आजही सोसायटीत सांगतात की सून रिफायनरीत आहे, मी समजावणं सोडून दिलंय.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडे जमिनीखालचं तेल सरकारचं, रॉयल्टी सरकारला, विषय संपला. तिकडे खनिजाची मालकी खाजगी माणसाकडे असू शकते, मग ती वारसांत वाटली जाते, विकली जाते, आणि एका विहिरीला शंभर-सव्वाशे रॉयल्टी ओनर होऊन बसतात. प्रत्येकाचा हिस्सा दशांशात, बिंदूनंतर आठ आकडे. समजा ६४० एकरांच्या युनिटमध्ये (विहिरीसाठी एकत्र धरलेली जमीन) एका बाईंची ८० एकर आहे आणि लीजमध्ये रॉयल्टी एक अष्टमांश, तर त्यांचा हिस्सा ०.०१५६२५००. दर महिन्याला विकलेला गॅस गुणिले भाव गुणिले हा दशांश, त्यातून टॅक्स (टेक्सासमध्ये तेलावर ४.६ टक्के, गॅसवर ७.५) आणि बाकी कापाकापी, उरेल त्याचा चेक. चेक कमी आला की ओनर मेल करतात, का कमी आला म्हणून, आणि त्याला उत्तर देणं हे माझं काम. सहा वर्षं करतेय.

आता मुद्दा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये (नाव सांगत नाही) गेल्या अपडेटला एआय असिस्टंट आला. तो दोन कामं करतो, व्हेंडरची बिलं वाचून कुठल्या खात्यात टाकायचं ते सुचवतो, आणि ओनरच्या मेलला उत्तराचा मसुदा लिहून देतो. मसुदे खरंच सुंदर असतात हो, माझ्या इंग्रजीपेक्षा कितीतरी छान, आधी "वी रिग्रेट द इन्कन्व्हिनियन्स" लिहूनच मला दमायला व्हायचं.

तर वर म्हटल्या तशाच एका बाई, वय बरंच असावं, पत्राच्या सुरुवातीला हवामान वगैरे लिहितात. त्यांचा मेल आला की चेक एकदम खाली का आला. आकडे बदलून देतेय, टॅक्स बाजूला ठेवा. आधीच्या महिन्यात ५,००० एमसीएफ (एक एमसीएफ म्हणजे हजार घनफूट) गॅस २.४० डॉलरने, म्हणजे १२,००० डॉलर, त्यांचा वाटा १८७.५०. या महिन्यात चेक ६५.६३. एआयने मसुदा दिला, दोन्ही रकमा बरोबर, दशांश बरोबर, लीजचा नंबर बरोबर, आणि कारण दिलं की नैसर्गिक वायूचे बाजारभाव उतरल्यामुळे आपल्या रकमेत घट झाली आहे. मी प्रत्येक आकडा स्टबशी (चेकसोबत जाणारा हिशेबाचा कागद) टॅली केला, टिक केलं आणि सेंडवर बोट नेलं, तेवढ्यात चहावाला आला म्हणून थांबले, खरंच, दुसरं काही नाही. चहा पिताना सहज भावाचा कॉलम पाहिला तर या महिन्याचा भाव २.५०! वाढलाय! गॅसपण जास्त विकलाय, ५,२०० एमसीएफ. म्हणजे १३,००० डॉलर, वाटा २०३.१३ यायला हवा. मग खाली बघते तर गॅस घेणाऱ्या कंपनीने दोन महिन्यांपूर्वीचं मीटर रीडिंग सुधारलेलं, त्यापोटी ४,००० एमसीएफ २.२० ने उलटवलेत, वजा ८,८००. उरले ४,२००, त्यांचा हिस्सा ६५.६३. भावाचा काही संबंधच नव्हता.

चुकलं ते चुकलं, माणूसही चुकतो. पण मी तपासूनही मला सापडलं नसतं याची भीती बसलीय, कारण मी आकडे तपासत होते, आणि आकडे सगळे बरोबर होते. बॉसना सांगितलं तर म्हणाले, "चेकर तो तमे छो ने, बेन" (तपासणाऱ्या तर तुम्हीच आहात ना, ताई), आणि रोजचं टार्गेट पंचवीस पत्रांवरून साठवर नेलं. पंचवीस असताना मी प्रत्येक कारण स्वतः शोधून लिहायचे, आता साठ कारणं मी परत शोधायची असतील तर एआयचा उपयोग काय, आणि शोधायची नसतील तर मी चेकर कशाची?

दुसरं, बिलांचं. एका विहिरीत ट्यूबिंग (तेल-गॅस वर आणणारा आतला पाइप) बदलल्याचं बिल त्याने ड्रिलिंगच्या एएफईला (कामाआधी खर्चाची मंजुरी देणारा कागद) टाकलं, म्हणजे कॅपिटल, मालमत्तेत धरायचं. मी चालू खर्चात घेतलं. आता मलाच शंका येतेय की मी बरोबर की तो. ऑफिसात विचारायची सोय नाही, सगळे माझ्यासारखेच बीकॉम, विहीर कुणी पाहिलेली नाही.

जाणकारांनी प्लीज सांगा. जानेवारीत तर वाटच लागणार आहे, ३१ तारखेपर्यंत सगळ्या ओनर्सना १०९९ फॉर्म (वर्षभरात किती पैसे दिले ते सांगणारा अमेरिकन टॅक्सचा कागद) जायला लागतात, १० डॉलर रॉयल्टी असली तरी फॉर्म, आणि इकडे उत्तरायण.

बाराखडी_बाळू: ताई, तो मसुदा दुसऱ्या एखाद्या चॅटबॉटला द्या की तपासायला. काट्याने काटा.

धागाकर्ती: हे मीपण केलं होतं गंमत म्हणून, घरच्या मोबाईलवर, आकडे बदलून. तो म्हणाला पत्र स्पष्ट आणि सौजन्यपूर्ण आहे 😑

कोडगा_कोडवाला: बाळूशेठ, ओनरचं नाव, टॅक्स नंबर, बँक डिटेल फुकटच्या चॅटबॉटमध्ये पेस्ट करायला सांगू नका हो कुणाला, नोकरी जाईल बिचारीची.

ताई, मी बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, तेलाचं काही कळत नाही, पण तुमचा हा प्रकार ओळखीचा आहे. असिस्टंट काय करतो, तुमच्या डेटाबेसमधून काही ओळी ओढतो आणि त्या ओळींभोवती वाक्यं विणतो. रकमा त्याने ओढल्या म्हणून त्या बरोबर. कारण मात्र डेटाबेसमध्ये कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नाही, ते त्याला कुठून मिळणार? त्याने आयुष्यात जेवढी अशी पत्रं वाचली त्यात चेक कमी म्हटलं की पुढे भाव उतरला हेच जास्त वेळा आलेलं, तेच त्याने लिहिलं. "कारण सापडत नाही" असं तो आपणहून सहसा म्हणत नाही, उत्तर द्यायचं शिकवलंय त्याला. त्यातून बहुतेक त्याला चालू महिन्याची बेरीजच दिलीय, उलटनोंदीची ओळ त्याच्यापर्यंत पोचलीच नसेल. तुमच्या व्हेंडरला हा एकच प्रश्न विचारा, मसुदा लिहिताना कुठल्या ओळी पाठवता ते दाखवा.

आणि कारण त्याला शोधायला देऊच नका. ते साध्या एक्सेलमध्ये निघतं. चेकमधला फरक तीन भागांत तोडा, भावामुळे किती, गॅसच्या मापामुळे किती, जुन्या महिन्यांच्या दुरुस्तीमुळे किती. तुमच्या उदाहरणात भाव आणि माप मिळून १५.६३ ने वाढ, दुरुस्तीमुळे १३७.५० ने घट, हिशेब जमतो. दशांश बदलला असेल किंवा कापाकापी बदलली असेल तर त्याचे आणखी दोन रकाने. सगळ्यात मोठा आकडा ज्या रकान्यात तेच कारण, ते कोड म्हणून असिस्टंटला द्या आणि फक्त शब्द त्याच्याकडून घ्या. त्याचं इंग्रजी छान आहे म्हणता ना, तेवढंच काम त्याचं.

निवृत्त_मकरपुरा: ताई, मी तेल कंपनीच्या अकाउंट्समध्ये होतो, आयुष्य मकरपुरा आणि अंकलेश्वरच्या फेऱ्यांत गेलं. आमच्याकडे रॉयल्टी ओनर नव्हते पण जॉइंट व्हेंचरचे पार्टनर होते, आणि ते तुमच्या त्या बाईंसारखे हवामान लिहीत नसत. प्रॉडक्शन शेअरिंग कॉन्ट्रॅक्टमध्ये केलेला खर्च आधी कॉस्ट ऑइलमधून वसूल होतो, राहिलेलं प्रॉफिट ऑइल सरकार आणि कंपनीत वाटलं जातं, त्यामुळे एक खर्च इकडचा तिकडे टाकला की सरकारचा वाटा हलतो आणि ऑडिटवाले मानगुटीवर. माझे पहिले साहेब ऑडिट क्वेरीचं उत्तर परत टाकायचे, म्हणायचे, वाक्यापुढे व्हाउचर नंबर नाही म्हणजे ते वाक्य तू घरून आणलंयस. मसुद्यातल्या "मुळे", "म्हणून" या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायचे आणि तिथे नंबर मागायचे. आकड्यांकडे नंतर बघायचे. तुम्ही हेच करा, पत्रात जिथे "ड्यू टू" दिसेल तिथे थांबा, स्टबची कुठली ओळ ते शोधा, ओळ नाही तर वाक्य खोडा. साठ पत्रांत साठच "ड्यू टू" असतील, अख्खं पत्र वाचायचं कारण नाही.

आता ट्यूबिंग. त्या बिलावरून ना तुम्हाला कळेल ना मशीनला, हे आधी मान्य करा. उत्पादन घटलं म्हणून चालू विहिरीत, त्याच थरातून काढण्यासाठी, खराब ट्यूबिंग बदललं तर तो वर्कओव्हर, चालू खर्च. तेच ट्यूबिंग विहीर आणखी खोल नेऊन नव्या थरापर्यंत पोचताना उतरवलं तर ते ड्रिलिंगसारखं, कॅपिटलला जाऊ शकतं. बिल दोन्हीकडे सारखंच दिसतं, अमुक फूट पाइप, अमुक तास रिग (विहिरीवर काम करणारं यंत्र). फरक असतो एएफईच्या वर्णनात आणि साइटवरच्या जॉब टिकटात, विहिरीवर काय करायला गेले होते ते तिथे लिहिलेलं असतं. क्लायंट सक्सेसफुल एफर्ट्स पद्धत वापरतो की फुल कॉस्ट (तेल कंपन्यांच्या हिशेबाच्या दोन पद्धती) तेही बघा, पण साधा वर्कओव्हर दोन्हीत खर्चच. आपल्या आयसीएआयची (सीएंची संस्था) तेल-गॅस उत्पादनावर गाइडन्स नोट आहे, टेक्सासला ती लागू नाही पण संकल्पना स्वच्छ होतात, वाचून ठेवा.

अवांतर: मांजलपूरला कुठे? आमचा मुलगा तिथेच राहतो.

सीए_रावपुरा: काकांना +१. जबाबदारीबद्दल लिहितो. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला एडिट लॉग सक्तीचा झाला, कुठली नोंद कधी बदलली ते पुसता येत नाही. तुमचा क्लायंट अमेरिकन, त्याला तो नियम नाही, पण डोकं तेच वापरा. आत्ता तुम्ही अप्रूव्ह दाबलंत की लॉगमध्ये काय राहतं? नुसतं तुमचं नाव. एआयने काय सुचवलं होतं आणि तुम्ही काय बदललंत हे दोन वेगळे रकाने मागा. ते नसेल तर उद्या वाद झाला की एआयचं खातं आणि तुमची सही. ऑटो-अप्रूव्ह कुणी चालू ठेवलं असेल तर आजच बंद करायला लावा.

बॉसशी वाद घालू नका, उपयोग नसतो, तेही वरून दाबलेलेच असतात. मागच्या वर्षी तुम्ही हाताने उत्तरं दिलेली पत्रं काढा, तेच मेल असिस्टंटला परत द्या, आणि फक्त कारण जुळतंय का ते बघा. जी जुळली नाहीत ती मेलला जोडून पाठवा. लेखी पाठवा, तोंडी नको.

बाराखडी_बाळू: मी आपला विनोद केला होता, इथे क्लासच सुरू झाला. बसलोय मागच्या बाकावर.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस गायब होते, मंथ-एंड होता.

सीए साहेबांनी सांगितलं तसं जुने मेल काढले. चाळीस करणार होते पण पहिल्या वीसातच चार निघाली, आणि चारही उलटनोंदीची, एकातही भाव हे कारण नव्हतं आणि चारही पत्रांत भावच लिहिलेला. व्हेंडरला कोडवाला दादांचा प्रश्न पाठवला, उत्तर आलं की हो, असिस्टंटला चालू प्रॉडक्शन महिन्याच्याच ओळी जातात. म्हणजे त्याला बिचाऱ्याला ती ओळ दिसलीच नव्हती! एक्सेल मी आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलाने मिळून बनवली, पाच रकान्यांची, आता कारण त्यातून घेतो आणि पत्र त्याच्याकडून. बॉसनी चार पत्रं वाचली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग टार्गेट चाळीस केलं. पंचवीस नाही केलं, पण चालेल.

त्या बाईंना मी स्वतः लिहिलं, मीटरचं रीडिंग सुधारलं, त्याचे जुने पैसे या चेकमधून कापलेत, पुढच्या महिन्यात असं नसेल, असं साधंच. त्यांचं उत्तर आलं की पहिल्यांदा कुणीतरी मला समजेल असं सांगितलं, आणि खाली पावसाबद्दल दोन ओळी.

काका, ट्यूबिंगचं जॉब टिकट मागवलं, आलंय. पण त्यात एकाच टिकटावर दोन्ही कामं आहेत हो, आधी जुनं ट्यूबिंग काढलं, आणि मग त्याच रिगने चार दिवस वरचा दुसरा एक थर उघडलाय. रिगचे तास एकत्रच लिहिलेत. आता हे तोडायचं कसं, दिवसांवर? क्लायंट आणि विहिरीचं नाव झाकून फोटो टाकू का इथे? आणि मांजलपूरला दरबार चोकडीजवळ.

निवृत्त_मकरपुरा: टाका. रिगचा रोजचा रिपोर्टही मागवून ठेवा, तास त्यात सापडतील.