‘सराईत’ हा शिक्का जमात बघून बसतो का?

भायखळेकर
अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा, रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. तरी पारध्याचा जामीन अर्ज आला की पोलिसांच्या ‘से’मध्ये (कोर्टाला दिलेल्या लेखी म्हणण्यात) ठरलेलं वाक्य असतं: आरोपी सराईत, कायमचा पत्ता नाही, सुटल्यास पळून जाईल. सोबतच्या तक्त्यात गुन्हा नंबर आणि कलम. निकालाचा रकाना कोरा. निर्दोष सुटलेली केससुद्धा अशी ‘रेकॉर्ड’ बनते.

सरकारपक्ष
यात जमात कुठे आली? आरोपी तारखेला फिरकला नाही की वॉरंट, मग फरारीचा जाहीरनामा, शेवटी फाइल डॉरमंट, म्हणजे आरोपी सापडेपर्यंत बाजूला. फिर्यादीने कोणाकडे बघायचं? पूर्वीचे गुन्हे कोर्टापुढे ठेवणं हे आमचं कामच आहे.

भायखळेकर
ठेवा, पण निकालासकट. नाशिककडच्या खून खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशीची शिक्षा सुनावली आणि 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयाने सोडलं, प्रत्येकी 5 लाख भरपाईसह. प्रत्यक्षदर्शी बाईने आधी पोलिसांच्या फोटोंमधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नाही! भटके हाताशी होते, धरले.

आकडेवाला
एका खटल्यावरून व्यवस्था पूर्वग्रहाची ठरत नाही. अमेरिकेत 1987 च्या मॅक्लेस्की खटल्यात तर जॉर्जियाची आकडेवारी होती: मेलेला गोरा असेल तर फाशीची शक्यता कितीतरी जास्त. तरी 5 विरुद्ध 4 ने निकाल आरोपीच्या विरोधात गेला, या आरोपीशी भेदभाव झाल्याचा पुरावा द्या म्हणून. आपल्याकडे तुरुंगांच्या राष्ट्रीय अहवालात विमुक्तांचा (त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींचा) वेगळा रकानाही नाही.

भायखळेकर
रकाना नाही म्हणून माणूस आत ठेवायचा? जामीन मिळूनही सुटका अडते ती जामीनदारापाशी. रेशनकार्ड आणि सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) असलेला माणूस फुटपाथवरच्या कुटुंबाने आणायचा कुठून? सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या आदेशानुसार जामीन मिळाल्यापासून महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं. वकिलाने महिना भरताच अर्ज टाकावा: जातमुचलका (स्वतःच्याच हमीवर सुटका), नाहीतर परवडेल एवढी कॅश.

सरकारपक्ष
निकालाचा रकाना भरलाच पाहिजे, हे मान्य. पण नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 वाचा. खटला चालू असताना, पूर्वी शिक्षा न झालेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदतीनंतर सुटका, इतरांना निम्म्यानंतर; एकाहून जास्त केसेस प्रलंबित असतील तर ही सवलतच नाही. हे संसदेने ठरवलंय, हवालदाराने नाही.

भायखळेकर
आणि त्या जास्तीच्या केसेस टाकतं कोण? वस्तीजवळ मोबाइल चोरीला गेला की आधी पालावर धाड पडते. तीन किरकोळ चोऱ्या नावावर चढल्या की 479 चं दार बंद.