महिला सभेचा ठराव गावच्या आराखड्यात कसा आणायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ग्रामपंचायतीचं कामकाज जवळून पाहिलेलं इथे कुणी असेल तर कृपया सांगा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा तोंडावर आली आहे आणि या वेळी आम्हाला हात हलवत परत यायचं नाहीये.

आमच्या वरच्या आळीचं सांडपाणी उताराने थेट अंगणवाडीच्या दारात येतं आणि पायरीशी साचतं. कुणीतरी त्यावर एक फळी टाकून ठेवली आहे. पोरं डबा छातीशी धरून त्या फळीवरून जातात. पावसाळ्यात ती फळी निसरडी होते, मग सेविकाताई पायरीवर उभ्या राहून एकेकाचा हात धरून आत घेतात.

गेल्या वर्षी महिला सभेत बचत गटाच्या आम्ही ३१ जणींनी बंदिस्त गटाराचा ठराव मांडला. सूचक मी, अनुमोदक शेजारच्या काकू. भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, तो लिहून घेतला, सह्या-अंगठे झाले. पुढे ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी तेवढे हजर लागतात. तहकूब सभेला मात्र कोरमची अट नसते, आणि ती सभा कधी उरकली ते आम्हाला कळलंच नाही. ना दवंडी, ना गावच्या ग्रुपवर मेसेज.

लेकीने ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर ग्रामपंचायतीचा २०२५-२६ चा विकास आराखडा उघडून दाखवला. त्यात गटार नाही, चौकातले पेव्हर ब्लॉक आहेत. विचारलं तर उत्तर मिळालं, "निधीत बसत नाही." हे मला पटत नाही. २०२५-२६ पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगातून ग्रामपंचायतीला मिळणारा ६० टक्के निधी बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता, आणि सांडपाण्याची व्यवस्था त्यातच येते. पेव्हर ब्लॉक बसवायचे तर ते अबंधित ४० टक्क्यांतून. मग आमचं गटार त्यांच्या आड येतच नव्हतं ना?

आता मला हे हवंय. महिला सभेचा ठराव पुढच्या ग्रामसभेत वाचला गेला की नाही, हे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, प्रोसिडिंग बुकातच कळेल. त्याची नक्कल साध्या अर्जावर देतात का, की माहिती अधिकारच टाकावा लागेल? त्याला ३० दिवस लागले तर ही सभा हातची जाईल. शिवाय २०२५-२६ च्याच पुरवणी आराखड्यात हे काम घेता येतं का, की २०२६-२७ चीच वाट बघायची? कुणी असं करून घेतलं असेल तर अनुभव जरूर लिहा.

गटविकास अधिकाऱ्यांकडे लगेच तक्रार करा असं काही जण म्हणतात. मन होत नाही. रहिवासी दाखल्यापासून नळजोडणीपर्यंत सगळ्याला भाऊसाहेबांकडेच जावं लागतं, आणि गटातल्या बायका त्यामुळेच बिचकतात. त्यांना पुढे करून मी मागे राहणार नाही, पण त्यांच्यावर राग निघू नये एवढं बघायचंय.

ठरावात कामाची जागा, लांबी, कोणत्या निधीतून हे सगळं लिहिलं तर तो गाळणं अवघड जातं असं ऐकलंय. असा नीट लिहिलेला मसुदा कुणाकडे असेल तर इथे टाका. शुक्रवारी गटाची बैठक आहे, तिथे सगळ्याजणींना वाचून दाखवेन.